पहिला पासपोर्ट काढताना: केरीच्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या केरीच्या एका २२ वर्षांच्या मुलाने विचारलंय: हॉटेल मॅनेजमेंट झालं, दुबईच्या हॉटेलात किंवा क्रूझवर नोकरी बघतोय. बहीण सोडली तर घरात कुणाचा पासपोर्ट नाही, तिचाही अर्ज तिच्या नवऱ्यानेच करून दिला. माझ्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव 'रामा' आहे, बाकी सगळीकडे 'रामचंद्र'. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरं. लाईट बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर येतं. आईचाही काढायचा आहे, बहीण मस्कतला असते म्हणून. आई सातवी शिकलेली. बाजारातला एजंट दोघांचे मिळून १५ हजार मागतोय. द्यावेत का? शिवाय काही जण म्हणतात, आजोबांवरून थेट पोर्तुगीज पासपोर्टच काढ.

पैशांचं आधी सांगतो. देऊ नका. मी स्वतः डिचोलीच्या बाजारात लोकांचे अर्ज भरून देतो, म्हणजे हे माझ्याच पोटावर पाय आणणारं बोलणं आहे. पण अर्ज भरून देण्याची मजुरी वेगळी आणि 'पासपोर्ट काढून देतो' म्हणून घेतलेले हजारो रुपये वेगळे. सज्ञान माणसाच्या ३६ पानी, १० वर्षांच्या पासपोर्टची सरकारी फी १,५०० रुपये. ६० पानी हवा तर २,०००. दोघांचे मिळून ३,००० झाले, वरचे १२ हजार कशाचे ते त्याला विचारून बघा. अपॉइंटमेंट सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांना सारखीच मिळते, पोलिस तुमच्याच घरी येणार, बोटांचे ठसे तुमचेच लागणार. एजंट यातलं काहीच तुमच्या वतीने करू शकत नाही.

आणि एक गोष्ट पैशांपेक्षा महत्त्वाची. एजंट बहुतेक वेळा अर्जात स्वतःचा मोबाईल नंबर आणि स्वतःचा ईमेल घालतो. मग पासपोर्ट केंद्राचे, पोलिसांचे सगळे मेसेज त्याच्याकडे जातात. 'एक कागद कमी आहे' असा साधा मेसेज आलेला असतो, आणि तो तुम्हाला सांगतो, 'फाईल अडकलीय, वर द्यावे लागतील.' अर्ज कुणाकडूनही भरून घ्या, पण नंबर तुमचा, ईमेल तुमचा, पासवर्ड तुमचा. शोधताना संकेतस्थळही बघून घ्या. खरं ते 'पासपोर्टइंडिया', पुढे 'डॉट गव्ह डॉट इन'. त्याच्यासारखी दिसणारी, जास्त फी उकळणारी बरीच खोटी दुकानं इंटरनेटवर आहेत. मोबाईलवर 'एमपासपोर्ट सेवा' हे सरकारी ॲप आहे, तेही चालतं.

आता मूळ मुद्दा. अर्ज भरणं हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम. लोकांचे पासपोर्ट अडकतात ते त्याच्या आधीच, घरातल्या प्लास्टिकच्या पिशवीत. कागद आपसात भांडत असतील तर ते भांडण केंद्रातल्या अधिकाऱ्यासमोर काढू नका, घरीच मिटवा. तुमच्याकडे तीन भांडणं आहेत.

पहिलं वडिलांचं नाव. 'रामा उर्फ रामचंद्र' हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. जन्माची नोंद द्यायला पंचायतीत आजोबा किंवा काका गेलेले असतात, ते घरात हाक मारायचं नाव सांगून मोकळे होतात. वडिलांच्या स्वतःच्या आधार, मतदार कार्ड, बँक सगळीकडे रामचंद्र आहे ना? मग तुमच्या पासपोर्टवर रामचंद्रच लागलं पाहिजे. तुमच्या बाबतीत एक सवड आहे. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला लागतो. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं सर्टिफिकेट, पॅन कार्ड, वाहन परवाना, मतदार कार्ड यांपैकीही चालतं. तेव्हा आत्ता दहावीचं सर्टिफिकेट लावा आणि अर्ज पुढे न्या.

पण जन्मदाखला तसाच ठेवू नका. परदेशात नोकरी, पुढे लग्न, मुलं, कुठे ना कुठे तो मागितला जाणारच. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली निबंधकाला चूक दुरुस्त करता येते. मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही आणि तारीख घालतो. मी लोकांना सांगतो, नोंदवहीचं ते पान प्रत्यक्ष बघून या. नुसता छापील दाखला बघितला तर चूक वहीत आहे की टाईप करणाऱ्याने केलीय ते कळत नाही. वहीत बरोबर असेल तर दुसरी प्रत मागितली की काम झालं, अर्जबिर्ज काही नको. वहीतच 'रामा' असेल तर वडिलांचे कागद घेऊन दुरुस्तीचा अर्ज द्या. ज्यांचा जन्म पोर्तुगीज काळातला आहे त्यांच्या नोंदी नागरी निबंधकाच्या कार्यालयात सापडतात, आणि तिथल्या स्पेलिंगची तऱ्हाच न्यारी. नाईकाच्या शेवटी 'क्यू-यू-ई', शंकराच्या सुरुवातीला 'एक्स'. आजी-आजोबांचा पासपोर्ट काढणाऱ्यांचा निम्मा वेळ त्यातच जातो.

दुसरं, तुमचं आडनाव. इथे सवड नाही. दहावीच्या सर्टिफिकेटवरचं स्पेलिंग धरा, कारण पुढचा डिप्लोमा, हॉटेलचं ट्रेनिंग, सगळं त्यावरूनच आलेलं असणार. त्याप्रमाणे आधी आधार दुरुस्त करा, मग पॅन. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून आधार केंद्रात गेल्यावर ऑपरेटरने टाईप केलेलं अक्षर न् अक्षर वाचा, मगच पावतीवर सही करा. दुरुस्त आधार हातात येईपर्यंत पासपोर्टचा अर्ज भरू नका. फी एकदा भरली की परत मिळत नाही.

नावाचं आणखी एक. अर्जात नावाचे दोन रकाने असतात: एक दिलेलं नाव, एक आडनाव. आपण 'स्वतःचं, वडिलांचं, आडनाव' असं तीन शब्दांत लिहितो. वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात तुमच्या नावामागे घालायचं की नाही, हे आधार आणि दहावीचं सर्टिफिकेट बघून ठरवा. दोन्हींवर असेल तर घाला. नुसतं अद्याक्षर घालू नका, अर्जात नाव पूर्ण लिहावं लागतं. पुढे विमानाचं तिकीट, व्हिसा, क्रूझचं सीमन बुक (जहाजावर काम करणाऱ्याचं ओळखपुस्तक), सगळं पासपोर्टवरच्या नावावरूनच निघतं.

तिसरं तुम्ही विचारलेलंच नाही, म्हणून सांगतो: जन्मस्थळ. 'तुमचा जन्म कुठला?' विचारलं की केरीचा माणूस केरी सांगणार. पण तुमच्या वयाच्या मुलांचा जन्म बहुतेक गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, नाहीतर म्हापशाच्या आझिलो इस्पितळात झालेला असतो. दाखल्यावर बांबोळी असेल तर अर्जातही बांबोळीच लिहायचं, केरी नाही. म्हापसा असेल तर म्हापसा. ही चूक मी सगळ्यात जास्त बघतो. पोलिसांपर्यंत फाईल जाते, सगळं सुरळीत होतं, पासपोर्टही येतो, आणि मग दुसऱ्या देशाच्या व्हिसासाठी जन्मदाखला जोडताना उघडकीला येते.

लाईट बिलाची काळजी सोडा. गोव्यात घरोघरी मीटर आजोबा-पणजोबांच्या नावावरच असतो, घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कायदेशीर वाटणी, झालेली नसते आणि होणारही नसते. पासपोर्टसाठी मीटर नावावर करण्याच्या फंदात पडू नका. आधारवर सध्याचा पत्ता बरोबर असेल तर तेवढा पुरावा पुरतो, सोबत मतदार कार्ड ठेवा. घरपट्टीची पावती आणि सरपंचांचा रहिवासी दाखला लोक हौसेने घेऊन येतात. पत्त्याच्या पुराव्याच्या यादीत ते नाहीत. पत्ता लिहिताना मात्र घर क्रमांक आणि वाडा घाला. नुसतं 'केरी, सत्तरी' लिहिलंत तर पोलिस शोधणार कुठे? ट्रेनिंगसाठी तुम्ही गेल्या वर्षभरात पुण्या-मुंबईला राहिला असाल तर ते लपवू नका, 'इथे कधीपासून राहता' हे अर्जातही येतं आणि पोलिसही विचारतात.

आता आई. तुमच्या आईचं लग्नात नाव बदललं का, हे तुम्ही लिहिलं नाही. आपल्याकडे आडनावाबरोबर पहिलं नावही बदलायची चाल होती, म्हणून विचारतो. तसं असेल तर शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, नागरी निबंधकाकडे सही केलेली लग्नाची नोंदही माहेरच्या नावाची, आणि आधार, मतदार कार्ड, बँक, पॅन सगळं सासरच्या नावाचं. म्हणजे कागदोपत्री दोन बायका. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल आणि आधारवर भलतीच, तर तेही धरून चाला. त्या काळच्या मास्तरांनी अख्ख्या महाराष्ट्र-गोव्याला १ जूनला जन्माला घातलंय.

तिचा पासपोर्ट ती आज ज्या नावाने ओळखली जाते त्याच नावाने काढा आणि जन्मतारखेसाठी पॅन कार्ड लावा. मात्र अर्जात 'आणखी कोणत्या नावाने ओळखले जाता का' असा प्रश्न असतो, तिथे माहेरचं नाव सरळ लिहा. लग्नाचा दाखला हल्ली सक्तीचा राहिलेला नाही, पण तिच्यासारखीच्या बाबतीत तो आणि शाळेचा दाखला पिशवीत असू द्या. दोन नावं एकाच बाईची हे दाखवायला लग्नाच्या दाखल्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही. अधिकारी तेवढ्यावर समाधानी झाला नाही तर नाव बदलाची रीतसर नोंद मागेल. गोव्यात त्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. दुसऱ्या राज्यात करतात तसं नुसतं प्रतिज्ञापत्र करून किंवा वर्तमानपत्रात जाहिरात देऊन इथे नाव बदलत नाही. ज्या बायकांनी लग्नानंतर कागदांवर काहीच बदललेलं नाही त्यांनी माहेरच्याच नावाने खुशाल अर्ज करावा, आडनाव बदललंच पाहिजे असा नियम कुठेही नाही.

सातवी शिकल्याचा परिणाम एवढाच: तिच्या पासपोर्टवर 'ईसीआर'चा शिक्का छापून येईल. दहावी पास नसलेल्या माणसाला आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची वेगळी परवानगी लागते, त्याची ती खूण. फसवून नेलेल्या मजुरांसाठी १९८३ चा कायदा झाला, त्यातली ही तरतूद. ओमान त्या यादीत आहे, पण आई लेकीला भेटायला व्हिजिट व्हिसावर जाणार, तिथे हा शिक्का आडवा येत नाही. वयाची ५० पूर्ण झाली असली किंवा ती स्वतः आयकर भरत असली तर शिक्का टळतो, तसा पुरावा जोडा. तुम्ही दहावी पास आहात, तुम्हाला तो लागणार नाही. अर्जात 'नॉन-ईसीआरसाठी पात्र आहात का' याला 'हो' म्हणा आणि दहावीचं पासिंग सर्टिफिकेट मूळ प्रतीत न्यायला विसरू नका. घाईत 'नाही' दाबून, दहावी पास असून ईसीआर शिक्का घेऊन आलेली पोरं मी बघितलीत, आणि नोकरी दुबईची.

पासपोर्ट कार्यालय गोवा निवडा, दोघांचे अर्ज एकाच लॉगिनवरून भरा. फी ऑनलाईन भरली की तारीख निवडता येते. पणजीला पाटोवर केंद्र आहे, कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याइतकं. दक्षिणेकडच्यांना मडगावच्या पोस्टातलं सोयीचं. तारीख बदलायची वेळ आली तर वर्षभरात तीनदा बदलता येते. सोबत सगळ्या कागदांच्या मूळ प्रती. मोबाईलमधला फोटो दाखवून काम होत नाही.

आत तीन टप्पे असतात, ए, बी आणि सी. खरा जपायचा तो पहिला. तिथे कागद स्कॅन होतात, फोटो निघतो, ठसे घेतात, आणि तुमची माहिती तुमच्यासमोर स्क्रीनवर येते. समोरचा माणूस विचारतो, 'सगळं बरोबर आहे ना?' आणि आपली माणसं मान डोलावतात, कारण मागे रांग असते. डोलावू नका. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. आईचं तुम्ही वाचू शकणार नाही, कारण सज्ञान माणसाबरोबर दुसऱ्याला सहसा आत सोडत नाहीत, तर तिला चार गोष्टींचं इंग्रजी स्पेलिंग कागदावर लिहून द्या, जुळवून बघायला सांगा. फोटोसाठी पांढरा सदरा नको, मागचा पडदा पांढरा असतो. बी टप्प्यावर सरकारी अधिकारी मूळ कागद तपासतो, सी वर मंजुरीचा निर्णय होतो. बाहेर पडताना मिळणारी पावती नीट वाचा. फाईल पुढे गेली की एखाद्या कागदासाठी थांबली, ते त्यावर असतं.

मग पोलिस. तुमची फाईल वाळपई पोलिस स्टेशनला जाईल. शिपाई घरी येतो किंवा फोन करून स्टेशनवर बोलावतो. अनोळखी नंबर उचलायचा नाही अशी सवय असेल तर तेवढे दिवस ती सोडा. शेजाऱ्यांना सांगून ठेवा, नाहीतर काकू 'तो होय, तो पुण्याला असतो' म्हणून मोकळ्या होतात आणि अहवालात 'पत्त्यावर राहत नाही' असं जातं. या पडताळणीची कुठलीही वेगळी फी नाही.

तुमच्यावर एखादी केस आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. वाहतुकीचं चलन ही काळजीची गोष्ट नाही. पण मारामारी, आंदोलन, जमिनीचा तंटा यातून फौजदारी खटला कोर्टात चालू असेल तर तो अर्जात सांगावाच लागतो, आणि ज्या कोर्टात चालू आहे त्या कोर्टाची परवानगी आणावी लागते. ती मिळते, अशक्य नाही. लपवलं तर पोलिसांच्या नोंदीत ते दिसणारच, शिवाय खोटी माहिती देणं हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तत्काळ घ्यावा का, असं पुढे विचाराल. त्याला २,००० जादा लागतात, जास्तीचे ओळखीचे कागद लागतात, आणि पडताळणी बहुतेक वेळा पासपोर्ट आल्यानंतर होते. तुमच्या कागदांत अजून तफावत आहे. तत्काळच्या काउंटरवर ती जास्तच टोचेल. हातात नोकरीचं पत्र आणि तारीख नसेल तर साधा अर्जच बरा.

राहिलं पोर्तुगीज. आजोबांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात झाला असेल तर नातवंडांपर्यंत तो रस्ता पोर्तुगालच्या कायद्यात आहे, त्यासाठी आधी आजोबांचा आणि मग वडिलांचा जन्म लिस्बनला नोंदवावा लागतो. इंग्लंडातल्या स्विंडनला गेलेली निम्मी गावं त्याच वाटेने गेली. पण तुमच्या घरात 'रामा' की 'रामचंद्र' हे अजून ठरलेलं नाही, तिथे दोन पिढ्यांचे कागद जुळवायला बसलात तर क्रूझ निघून जाईल. दुसरं, भारतीय नागरिकाने आपणहून परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं, आणि भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. दोन्ही खिशात ठेवून फिरता येत नाही. लिस्बनला नुसती जन्मनोंद केली म्हणजे नागरिकत्व घेतलं का, यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद आहे, निवडणुकांपर्यंत गेलेला. घरात कुणी तुमच्या नावाची तशी नोंद आधीच केली असेल तर पासपोर्टचा अर्ज भरण्यापूर्वी वकिलाला दाखवा. नसेल तर आत्ता त्या वाटेला जाऊ नका.

पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी येतो. घर बंद असेल तर पाकीट परत जाऊ शकतं, म्हणून 'डिस्पॅच'चा मेसेज आला की पोस्टमनच्या कानावर घाला. मध्येच फाईल हलत नाही असं वाटलं तर १८००-२५८-१८०० हा फुकटचा मदत क्रमांक आहे, फाईल नंबर हाताशी ठेवून फोन करा. हल्ली येतो तो ई-पासपोर्ट, मुखपृष्ठावर खाली छोटं सोनेरी चिन्ह असतं आणि आत चिप. देशात तो सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या काही शहरांत गोवा होतं. चिप असल्यामुळे त्याला दुमडू नका, टाचणी-स्टेपल मारू नका. पाकीट फोडल्याबरोबर पहिलं पान आधारशेजारी ठेवून वाचा, आईचंही. छापण्यात चूक दिसली तर त्याच आठवड्यात पासपोर्ट कार्यालयाला कळवा. व्हिसा लागल्यावर कळवलंत तर व्हिसाही नव्याने काढावा लागतो.